नवरीच्या झग्यावरची शेवंड

मे १९३७. फ्रान्समध्ये तूर शहराजवळच्या शातो द काँदे नावाच्या जुन्या, ऐसपैस हवेलीच्या बागेत चाळीस वर्षांची एक बाई फोटोसाठी उभी आहे. मधोमध भांग पाडून चापूनचोपून बसवलेले केस, शिडशिडीत बांधा, अंगात पायघोळ पांढरा रेशमी झगा. मागे झाडंझुडपं, अंगावर मऊ उजेड. छायाचित्रकार सेसिल बीटन, मासिक ‘व्होग’. इथपर्यंत सगळं एखाद्या श्रीमंत घरातल्या, लग्न ठरलेल्या मुलीच्या फोटोसारखं. मग नजर खाली सरकते आणि झग्याच्या दर्शनी भागावर, कमरेच्या पट्ट्याखाली, दोन मांड्यांच्या मधोमध एक भलीमोठी शेवंड दिसते. नांग्या, मिशा, शेपटीचा पंखा, सगळं जिथल्या तिथे.

फॅशनच्या छायाचित्रांकडे आपण बहुतेकदा वरवर पाहतो. कपडा छान, बाई छान, पान उलटलं. हे छायाचित्र मात्र थांबवून ठेवतं. त्यात चार माणसांचे हात आहेत: एक चित्रकार, एक कपडे शिवणारी, एक छायाचित्रकार आणि तो कपडा अंगावर घालणारी. चौघांना चार वेगळ्या गोष्टी सांगायच्या होत्या आणि चौघांनी त्या एकाच चौकटीत सांगितल्या. माझ्या मते विसाव्या शतकातलं इतकं दाटीवाटीचं, इतकं बोलकं फॅशनचित्र दुसरं क्वचितच असेल.

आधी ती बाई कोण ते पाहू. वॉलिस सिम्प्सन, अमेरिकन, दोनदा घटस्फोट घेतलेली. तिच्याशी लग्न करता यावं म्हणून इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड याने डिसेंबर १९३६ मध्ये सिंहासन सोडलं. राज्यावर येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. वॉलिसचा दुसरा घटस्फोट ३ मे १९३७ रोजी पक्का झाला. १२ मे रोजी एडवर्डच्या धाकट्या भावाचा, सहाव्या जॉर्जचा, राज्याभिषेक झाला. २७ मे रोजी फर्मान निघालं की एडवर्डच्या बायकोला ‘हर रॉयल हायनेस’ ही पदवी मिळणार नाही. आणि ३ जून रोजी याच हवेलीत लग्न लागलं, तेव्हा नवऱ्याकडचं, म्हणजे राजघराण्यातलं, एकही माणूस हजर नव्हतं. बीटनचा कॅमेरा या सगळ्या धुमश्चक्रीच्या मधोमध, त्याच महिन्यात, त्याच बागेत उघडला होता.

इंग्लंडमध्ये या बाईबद्दल काय काय बोललं जात होतं, त्याची कल्पना करणं अवघड नाही. राजाला नादी लावणारी, महत्त्वाकांक्षी, थंड डोक्याची. अशा बाईचा फोटो काढायचा तर तिला कोवळी, शांत, निसर्गात रमलेली दाखवावी, असं कोणालाही वाटेल. बीटनचा उजेड तेच करतो. आणि बाई कपाटातून काय काढून घालते? शेवंडीचा झगा.

हा झगा शिवला एल्सा स्कियापारेल्ली हिने. तिच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या स्वभावातून आलेलं आहे. जन्म रोममधला, १८९० चा. वडील अरबी भाषेचे आणि साहित्याचे गाढे अभ्यासक. काका जोव्हान्नी स्कियापारेल्ली म्हणजे मंगळावर ‘कालवे’ पाहणारे प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. १८७७ मध्ये दुर्बिणीतून त्यांना मंगळाच्या पृष्ठभागावर रेघांचं जाळं दिसलं, त्यावरून जगभर चर्चा झाली, पुढे त्या बहुतांश रेघा दृष्टिभ्रम निघाल्या. एल्साच्या गालावर तीळ होते. आपण कुरूप आहोत असं तिच्या मनावर लहानपणीच ठसलं होतं. काकांनी तिला सांगितलं की हे तीळ सप्तर्षींच्या आकारात मांडलेले आहेत. आपल्या गालावर सप्तर्षी आहेत हे तिने आयुष्यभर मिरवलं आणि पुढे आपल्या कामातही वापरलं.

तिच्या आत्मचरित्रातली दुसरी आठवण त्याहून विलक्षण आहे. सुंदर दिसायचं म्हणून या मुलीने फुलांच्या बिया मिळवल्या आणि त्या स्वतःच्या घशात, कानांत, नाकात पेरल्या. चेहऱ्यावर फुलं उगवतील, सगळा चेहरा बाग होईल, अशी तिची कल्पना. शेवटी डॉक्टरांना बोलवावं लागलं. अतिवास्तववाद हा शब्द अजून कुणी उच्चारलाही नव्हता त्या काळातली ही गोष्ट. पुढे साल्वादोर दालीसारखे चित्रकार माणसाच्या डोक्याच्या जागी फुलांचा गुच्छ रंगवणार होते. एका लहान मुलीने तो प्रयोग आधीच स्वतःच्या देहावर करून पाहिला होता.

१९२७ मध्ये पॅरिसमध्ये तिने नाव कमावलं ते एका स्वेटरमुळे. काळा स्वेटर, गळ्याशी पांढरा मोठा बो. जवळ जाऊन हात लावला तर कळतं की बो नाहीच. ती नुसती विणीतली आकृती आहे. एका आर्मेनियन विणकर बाईच्या कौशल्याने साधलेली ही नजरबंदी. काकांना दुर्बिणीत नसलेल्या रेघा दिसल्या, पुतणीने स्वेटरवर नसलेली रिबीन दाखवली. या घराण्याचं आणि डोळ्यांना चकवणाऱ्या गोष्टींचं काही खास नातं असावं असं मला नेहमी वाटतं.

या पायावर तिची आणि दालीची गाठ पडली. १९३६ मध्ये दोघांनी मिळून ड्रॉवरच्या खिशांचा सूट केला: खिशांना टेबलाच्या खणांसारख्या मुठी, काही खिसे खरे आणि काही नुसतेच दिखाऊ. त्याचेही फोटो बीटननेच काढले. पुढच्या वर्षी बुटाच्या आकाराची टोपी आली. उलटा केलेला उंच टाचांचा बूट डोक्यावर, टाच आकाशाकडे. आणि त्याच १९३७ च्या उन्हाळी संग्रहात हा पांढरा झगा.

आता शेवंडीकडे वळू, कारण खरी गंमत तिच्यात आहे.

दालीच्या डोक्यात हा प्राणी काही वर्षं घर करून होता. १९३५ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकासाठी काढलेल्या चित्रात फोन उचलायला गेलेल्या माणसाच्या हाती शेवंड लागते. पुढे त्याने खऱ्या टेलिफोनच्या रिसीव्हरच्या जागी प्लास्टरची शेवंड बसवली. ती कलाकृती आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तिचं दुसरं नाव ‘कामोत्तेजक टेलिफोन’ असं आहे, म्हणजे दालीच्या मनात काय होतं याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातल्या त्याच्या मंडपात तर खऱ्याखुऱ्या शेवंडी बायकांच्या अंगावर, लज्जारक्षणाच्या जागी वापरल्या गेल्या. झग्यावर ती नेमकी कुठे रंगवली आहे हे मघाशी सांगितलंच. ती जागा योगायोगाने निवडलेली नाही.

दालीने आपल्या आत्मकथनात पालक या भाजीचा मनापासून तिरस्कार केला आहे, कारण पालकाला आकार नसतो. उलट कवचधारी प्राणी त्याला फार आवडत, कारण त्यांनी आपली हाडं बाहेर ठेवलेली असतात आणि मऊ मांस आत जपलेलं असतं. हे लक्षात ठेवून झग्याचं कापड पाहा. ते ऑर्गंझा आहे, घट्ट पीळ दिलेल्या रेशमी धाग्यांचं, अतिशय तलम, जवळजवळ पारदर्शक, तरी अंगावर ताठ उभं राहणारं. जगातल्या सगळ्यात हलक्या कापडांपैकी एकावर जगातल्या सगळ्यात चिलखती प्राण्यांपैकी एक. दालीचं रेखाटन एका कसबी रेशीम-नमुनाकाराने कापडावर उतरवलं. शेवंड उठून दिसते ती या विरोधामुळेही. जे कापड काहीच झाकत नाही असं वाटतं, त्याच्यावर सगळं झाकून बसणारा प्राणी.

आणि तिचा रंग. झग्यावरची शेवंड लालभडक आहे. समुद्रातली युरोपियन शेवंड मात्र लाल नसते, ती गडद निळसर काळी असते. तिच्या कवचात अॅस्टाझँथिन नावाचं लालसर रंगद्रव्य असतंच, पण ते क्रस्टासायनिन नावाच्या प्रथिनाच्या मिठीत अडकलेलं असतं आणि त्या बंधनात त्याचा रंग निळा दिसतो. उकळत्या पाण्यात प्रथिन मोडतं, रंगद्रव्य सुटतं आणि कवच लाल होतं. कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात हा प्रयोग रोज होतो. राखाडी, अर्धपारदर्शक कोळंबी तव्यावर पडताच गुलाबी होते, ती याच रसायनामुळे. (आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला मात्र झग्यावरच्यासारख्या दांडग्या नांग्या नसतात. तिला लांब, काटेरी मिशा असतात. दालीने रंगवलेली जात वेगळी, थंड पाण्यातली.)

तेव्हा झग्यावरची शेवंड जिवंत नाही. ती शिजलेली आहे. आणि तिच्या आजूबाजूला, स्कर्टच्या घेरावर, हिरव्या पार्स्लीच्या काड्या विखुरल्या आहेत. युरोपियन जेवणात शेवंड वाढताना जशी सजवतात, तशीच. एकदा हे ध्यानात आलं की पांढरा झगा पांढरा राहत नाही, तो टेबलावर अंथरलेला चादरीसारखा पांढरा कपडा होतो आणि समोर उभी असलेली नवरी म्हणजे मांडलेलं जेवण. झगा तयार झाल्यावर दालीला त्यावर खरं मेयोनेझ शिंपडायचं होतं आणि स्कियापारेल्लीने ते करू दिलं नाही, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. खरी असो वा नसो, ती झग्याच्या मनातलं अचूक ओळखते. जेवण वाढलंय, फक्त चटणी राहिली आहे.

इथवर चित्रकार आणि शिवणारी बोलली. आता कॅमेऱ्याचं ऐकू.

बीटनची ही छायाचित्रं कृष्णधवल आहेत, आणि त्यामुळे सगळंच बदलतं. शेवंडीची किंकाळी तिच्या लाल रंगात होती, तो रंग आता करडा झाला. पार्स्लीचा हिरवा करडा झाला. कमरेचा लालसर पट्टा नुसता एक गडद पट्टा उरला. कपड्यावरचं जेवण दुरून पाहणाऱ्याला छान छापलेल्या वेलबुट्टीसारखं वाटू शकतं. त्यात आजूबाजूची झाडी, पानांची सरमिसळ, मऊ कडा. बीटनने शेवंड लपवली नाही. तिला बागेच्या पानाफुलांत विरघळवून टाकण्याइतकी वातावरणनिर्मिती मात्र केली. त्याच्या हातचं कसब इथे दिसतं. हा माणूस कपड्यांना आतून ओळखणारा होता. पुढे ‘माय फेअर लेडी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्याला ऑस्कर मिळालं.

त्याचा कॅमेरा काय करू पाहत होता हे पटवून घ्यायचं असेल तर आणखी एक फोटो शेजारी ठेवा. १९३९ च्या उन्हाळ्यात बीटनला बकिंगहॅम राजवाड्यात बोलावणं आलं. समोर होती सहाव्या जॉर्जची राणी एलिझाबेथ, वॉलिसला मिळू शकलं असतं ते स्थान मिळालेली स्त्री. तिथेही पांढरा, पायघोळ पोशाख, नॉर्मन हार्टनेलचा. तिथेही बाग, मऊ उजेड, हातात छत्री. राजवाड्याच्या बागेतल्या त्या फोटोंनी राणीची परीकथेतली प्रतिमा पक्की केली. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की छायाचित्रकाराची सगळी हातचलाखी जवळजवळ सारखी दिसते: उजेड सारखा, निसर्ग सारखा, पांढरा रंग सारखा. फरक फक्त एकच उरतो. एका पांढऱ्या पोशाखावर काहीही नाही आणि दुसऱ्यावर शेवंड आहे. बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलली की तिचा परिणाम मोजता येतो, हे प्रयोगशाळेतलं तत्त्व इथे नकळत पाळलं गेलं आहे. राणीचा फोटो पाहणारा विश्वास ठेवतो. वॉलिसचा फोटो पाहणारा विश्वास ठेवू पाहतो आणि मध्येच त्याला ठेच लागते.

मग चौथी व्यक्ती, खुद्द वॉलिस. तिने हा झगा का निवडला? स्कियापारेल्लीकडून तिने लग्नासाठी बरेच कपडे घेतले होते. लग्नाच्या दिवशीचा फिकट निळा पोशाख मात्र मेनबोशे या फॅशनकाराचा, अगदी साधा आणि निर्दोष. म्हणजे कुठे काय घालायचं याची तिला उत्तम जाण होती. पुष्कळ लोक म्हणतात की झग्यावरच्या शेवंडीचा लैंगिक अर्थ तिच्या लक्षात आलाच नसावा, ती फक्त फॅशन म्हणून घालून उभी राहिली. मला हे पटत नाही. जी बाई कपड्याच्या प्रत्येक शिवणीबद्दल काटेकोर होती, जिच्या नीटनेटकेपणाचं कौतुक तिच्या शत्रूंनीही केलं, तिला आपल्या मांड्यांवर काय रंगवलंय ते कळत नव्हतं? माझ्या मते तिला कळत होतं आणि तिने ते मिरवलं. ज्या घराण्याने तिला पदवी नाकारली, त्या घराण्याकडून सभ्यतेचा दाखला मिळवायची तिची इच्छा नव्हती. बीटनने तिला बागेतली कोवळी नवरी करून दाखवली, आणि तिने त्याच्या चौकटीत राहूनच स्वतःचं म्हणणं मांडलं.

छायाचित्राचं वाचन म्हणजे नेमकं हेच आहे. चौघांपैकी कुणा एकाचा हेतू शोधून त्यालाच चित्राचा अर्थ म्हणता येत नाही. दालीला वासना आणि भूक एकत्र दाखवायची होती. स्कियापारेल्लीला कपड्याने डोळे चकवायचे होते. बीटनला परीकथा हवी होती. वॉलिसला तिची स्वतःची ताठ मान हवी होती. चित्र या चौघांच्या ओढाताणीतून घडलं आणि ती ओढाताण अजून संपलेली नाही. म्हणून ते आजही शिळं होत नाही.

दालीला हाडं बाहेर ठेवणारा प्राणी आवडायचा, तर स्कियापारेल्लीने ते माणसावर करून दाखवलं, अगदी पुढच्याच वर्षी. १९३८ च्या तिच्या सर्कस संग्रहातला सांगाड्याचा झगा काळ्या क्रेपचा आहे. कापडाच्या दोन थरांमध्ये कापूस भरून बरगड्या, मणके, पायांची हाडं उठावात शिवली आहेत. घालणारीचा सांगाडा जणू त्वचेबाहेर येतो. तोही दालीसोबतचाच. शेवंडीचा झगा आणि सांगाड्याचा झगा सहसा वेगवेगळे सांगितले जातात. मला मात्र ते एकाच विचाराचे दोन टप्पे वाटतात: आधी कवचधारी प्राणी बाईच्या झग्यावर आला आणि मग बाईच कवचधारी प्राण्यासारखी, हाडं बाहेर घेऊन, समोर आली. त्याच संग्रहातल्या ‘टेअर्स’ (म्हणजे चिरा, फाटलेले भाग) नावाच्या झग्यावर फाटलेल्या मांसाचा भास देणारी छपाई होती, आणि सोबतच्या ओढणीवर खऱ्या चिरा. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलेलं होतं आणि दाली स्पॅनिश होता. त्या झग्याकडे नुसती कल्पकता म्हणून पाहणं मला जमत नाही.

शेवंड मात्र दाली आणि स्कियापारेल्ली या दोघांपेक्षा जास्त जगली. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात स्कियापारेल्ली आणि फॅशनकार प्रादा यांच्यावर प्रदर्शन भरलं, तेव्हा ‘व्होग’च्या तत्कालीन संपादक अॅना विंटूर सोनेरी शेवंडीचा पांढरा प्रादा झगा घालून आल्या. पाऊण शतकानंतरही तो प्राणी पाहणाऱ्यांना ओळखता आला, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे झग्याआधी तो बीटनचा फोटो होता.

या नमुन्याचा एक झगा स्कियापारेल्लीने स्वतः १९६९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टला भेट दिला. संग्रहालयाने त्याची रंगीत छायाचित्रं सगळ्यांना पाहायला ठेवली आहेत. बीटनचा कृष्णधवल फोटो आधी निवांत पाहा, मग ही रंगीत छायाचित्रं उघडा. याच क्रमाने पाहा, उलट नको. लाल रंग नंतर कळला पाहिजे.